कूट, काव्य आणि सोडत : शब्दकोड्याच्या निमित्ताने

१

‘दुर्बोध’ हे विशेषण मराठी समीक्षेने मर्ढेकरांच्या कवितेपासून ग्रेस यांच्या कवितेपर्यंत इतक्या वेळा आणि इतक्या सैलपणे वापरले आहे की, त्याने नेमके काय दर्शविले जाते हे विचारण्याची गरजही आता वाटेनाशी झाली आहे. दुर्बोधतेचा आक्षेप घेणारा समीक्षक म्हणतो की, ही कविता म्हणजे एक कोडे आहे आणि ते सुटत नाही. तिचे समर्थन करणारा समीक्षक ते कोडे ‘सोडवून’ दाखवितो. दोघांच्या भूमिका परस्परविरोधी दिसल्या तरी दोघांचे गृहीतक एकच आहे : अर्थ हा संहितेत दडविलेला असतो आणि तो हुडकून काढणे म्हणजे वाचन. हे गृहीतक तपासावयाचे तर कवितेकडे वळण्यापूर्वी खुद्द कोड्याचीच घडण पाहिली पाहिजे. कोडे सुटते म्हणजे काय होते, आणि ते सुटले हे कशावरून ठरते, हे प्रश्न आपण क्वचितच विचारले आहेत.

या तपासणीसाठी प्रस्तुत लेखात ब्रिटिश दैनिकांतील कूट शब्दकोडे हा नमुना घेतला आहे. मराठी वृत्तपत्रांतील शब्दकोडे बहुधा समानार्थी शब्द विचारते. वाचकाला तो शब्द ठाऊक असतो किंवा नसतो. कूट शब्दकोड्याचे तसे नाही. त्यात वाचकाच्या शब्दसंग्रहापेक्षा त्याच्या वाचण्याच्या सवयीची परीक्षा असते. ‘द हिंदू’सारख्या दैनिकांतून भारतीय रचनाकारांनीही हा प्रकार रुजविला आहे, परंतु तो इंग्रजीतच राहिला. मराठीत तो का आला नाही, या प्रश्नाचे उत्तर शोधताना आपल्या भाषेविषयी आणि आपल्या वाचनव्यवहाराविषयी काही महत्त्वाचे हाती लागते, असे मला वाटते.

२

शब्दकोड्याचा जन्म ब्रिटनमधला नव्हे. आर्थर विन यांनी रचलेले पहिले कोडे ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ या पत्रात २१ डिसेंबर १९१३ रोजी प्रसिद्ध झाले आणि ते सरळ अर्थ विचारणारे होते. त्याला कूटाचे वळण दिले ते ब्रिटिश रचनाकारांनी. एडवर्ड पॉइस मॅथर्स हे ‘ऑब्झर्व्हर’मध्ये १९२६ पासून ‘टॉर्केमाडा’ या नावाने कोडी रचीत असत. ‘द टाइम्स’चे कोडे १ फेब्रुवारी १९३० रोजी सुरू झाले. मॅथर्स १९३९ साली निधन पावले. त्यांच्या जागी आलेल्या डी. एस. मॅकनट यांनी ‘झिमेनीझ’ हे नाव घेतले, आणि १९७२ पासून त्यांचा वारसा चालविणारे जोनाथन क्राउदर ‘अझेड’ झाले. टॉर्केमाडा आणि झिमेनीझ ही स्पेनमधील धर्मन्यायपीठाच्या प्रमुखांची नावे; ‘अझेड’ हे तर डेझा या तशाच एका अधिकाऱ्याचे नाव रोमन लिपीत उलटे लिहून साधलेले. रचनाकार स्वतःला छळवादी म्हणवून घेतो. पण याच छळवाद्यांनी वाचकाला न्याय मिळावा म्हणून नियम घालून दिले, ही गोष्ट अधिक अर्थपूर्ण आहे.

कूटसूत्राची घडण थोडक्यात अशी : प्रत्येक सूत्रात दोन भाग असतात. एक भाग उत्तराची व्याख्या देतो. दुसरा भाग उत्तराची अक्षरे कशी जुळवावीत हे सांगतो. व्याख्या सूत्राच्या आरंभी किंवा अखेरीस असते. हे दोन भाग एकत्र येऊन असे एक वाक्य तयार होते, ज्याचा तिसराच, अगदी स्वाभाविक वाटणारा अर्थ लागतो. हा तिसरा अर्थ म्हणजे चकवा. मराठीत असे सूत्र रचावयाचे झाल्यास ते पुढीलप्रमाणे होईल :

‘राज्यकर्ते मोत्यांच्या माळेमागे मोटार लावतात. (४)’

हे वाक्य वाचताच सत्ताधाऱ्यांच्या लोभाविषयीचे एखादे उपहासात्मक विधान आपण ऐकतो. सोडविणाऱ्याला हे ऐकणे थांबवावे लागते. ‘राज्यकर्ते’ ही व्याख्या. मोत्यांची माळ म्हणजे ‘सर’. तिच्यामागे ‘कार’ लावावयाची. उत्तर ‘सरकार’, अक्षरे चार. वाक्यातील कर्ता, कर्म आणि क्रियापद यांचे जे नाते व्याकरणाने जोडले होते ते तोडल्याशिवाय उत्तर मिळत नाही. ‘राज्यकर्ते’ हा शब्द वाक्याचा कर्ता उरत नाही आणि ‘लावतात’ हे क्रियापद मोटारीविषयी नसून अक्षरांविषयीची आज्ञा ठरते.

दुसरे सूत्र कोल्हापूरच्या वाचकाला अधिक चकविणारे आहे :

‘सारं काळाने पोटात घेतलेले कोल्हापूरचे तळे. (३)’

शिवाजी पेठेतील वाचकाच्या मनात प्रथम येईल ते वरुणतीर्थ. ते बुजले आणि त्याच जागी आज गांधी मैदान आहे. त्यापाठोपाठ कपिलतीर्थ आठवेल. तेथे आता मंडई आहे. शहराची स्मृती वाक्याच्या वरच्या अर्थाला साथ देते आणि वाचकाला उत्तरापासून दूर नेते. वस्तुतः काळाने गिळलेल्या तळ्याविषयी हे सूत्र काहीच सांगत नाही. ‘सारं काळाने’ या दोन शब्दांनी आपल्या पोटात जे धरले आहे ते पाहावयाचे : ‘सा-रंकाळा-ने’. उत्तर आहे ‘रंकाळा’, म्हणजे नेमके ते तळे, जे काळाने गिळलेले नाही.

३

सोडविण्याच्या या क्रियेत एक क्षण निर्णायक असतो. त्या क्षणापूर्वी अनेक उत्तरे संभवनीय वाटतात. त्यानंतर एकच अटळ वाटते. ही अटळता रचनाकाराच्या अधिकारातून येत नाही. व्याख्या जुळते, घडण जुळते, अक्षरसंख्या जुळते आणि छेद देणाऱ्या उभ्या-आडव्या शब्दांची अक्षरेही जुळतात. उत्तराचा पुरावा संहितेतच असतो. दुसऱ्या दिवशीचा अंक केवळ औपचारिकता म्हणून पाहावयाचा. ए. एफ. रिची या रचनाकाराने १९४९ साली मांडलेल्या तत्त्वाचा आशय असा की, रचनाकाराने भलताच अर्थ सुचविण्यास हरकत नाही, परंतु जे त्याला अभिप्रेत आहे ते त्याने शब्दशः म्हटलेले असले पाहिजे. मॅकनट यांनी १९६६ सालच्या आपल्या ग्रंथात याच तत्त्वाचे सविस्तर नियमशास्त्र केले. वाचकाला फसविणे न्याय्य. त्याला निराधार सोडणे अन्याय्य.

आपल्या परंपरेला हा विचार परका नाही. दंडीने ‘काव्यादर्शा’च्या तिसऱ्या परिच्छेदात प्रहेलिकेचे सोळा प्रकार सांगितले आहेत. पदांच्या संधीमुळे अर्थ झाकून टाकणारी ती ‘समागता’. शब्दाच्या रूढ अर्थाने चकविणारी ती ‘वंचिता’. परस्परसंबद्ध पदे दूर दूर ठेवून घोटाळ्यात पाडणारी ती ‘व्युत्क्रांता’. इंग्रजी कोड्यांत ‘फ्लॉवर’ हा शब्द फुलासाठी न येता ‘वाहणारी’ म्हणजे नदी या अर्थाने येतो, हा संकेत तेथील वाचकांच्या अंगवळणी पडलेला आहे. दंडीच्या वंचितेशी त्याचे नाते उघड आहे. पूर्वसूरींनी आणखी चौदा दुष्ट प्रहेलिका सांगितल्या आहेत असे नमूद करून, दोष अगणित असल्याने आपण केवळ निर्दोष प्रकारांचेच वर्णन करीत आहोत, असे दंडी म्हणतो. म्हणजे कूट हे न्याय्य वा अन्याय्य असू शकते ही जाणीव त्याच्यापाशी होती. प्रहेलिकेचे उपयोग सांगताना तो गोष्ठीतील विनोदाबरोबर गर्दीतील गुप्त मसलतीचाही उल्लेख करतो. १९४२ च्या जानेवारीत ‘डेली टेलिग्राफ’ने भरविलेल्या कोडे-स्पर्धेतील काही स्पर्धकांना पुढे ब्लेचली पार्क येथील गुप्तलिपी उलगडण्याच्या कामासाठी पाचारण करण्यात आले, हे वाचताना दंडीची आठवण होणे साहजिक आहे.

बाणाच्या ‘कादंबरी’तील शूद्रक राजा अक्षरच्युतक, मात्राच्युतक, बिंदुमती, गूढचतुर्थपाद आणि प्रहेलिका यांत वेळ घालवितो. अक्षरच्युतकात एक अक्षर गळले की अर्थ पालटतो. मात्राच्युतकात मात्रा गळली की पालटतो. बिंदुमतीत व्यंजनांच्या जागी बिंदू ठेवून केवळ मात्रा दिलेल्या असतात. असे असूनही काव्यशास्त्राने या प्रकाराला सन्मान दिला नाही. मम्मटाने चित्रकाव्य अवर ठरविले. विश्वनाथाने प्रहेलिका रसाच्या आड येते म्हणून तिला अलंकारांतूनच वगळले. रसाच्या दृष्टीने हा निवाडा योग्यही असेल. पण त्याचा परिणाम असा झाला की, कूट सोडविताना वाचकाच्या मनात काय घडते याचा विचार पुढे विकसितच झाला नाही, आणि त्यामुळे कूट व काव्य यांतील भेद आपण केवळ प्रतिष्ठेच्या भाषेत सांगत राहिलो.

४

मराठीत कूट शब्दकोडे का रुजले नाही याचे पहिले कारण लिपीत आहे. रोमन लिपीतील चौकटीत एक वर्ण बसतो. देवनागरीतील चौकटीत अक्षर बसते, म्हणजे मात्रेसह व्यंजन, कधी जोडाक्षरही. त्यामुळे दोन शब्दांचा छेद जुळविणे रचनाकाराला कितीतरी कठीण जाते. उलट एक अक्षर मिळाले की सोडविणाऱ्याला मिळणारी मदत फार मोठी असते. शब्द उलटविण्याची क्रियाही येथे वेगळी होते. ‘दीन’ उलटला की ‘नदी’ होते, कारण वेलांटी आपल्या व्यंजनाला धरूनच प्रवास करते. उच्चाराच्या पातळीवर हे उलटणे खरे नाही. लेखनाच्या पातळीवर मात्र ते निर्दोष आहे.

दुसरे कारण व्याकरणात आहे. इंग्रजीत एकच शब्द रूप न पालटता नाम, विशेषण आणि क्रियापद होऊ शकतो. चकव्याची निम्मी सामग्री तेथूनच येते. मराठीत लिंग, वचन आणि विभक्ती शब्दाचे बिंग फोडतात. ‘उलटलेला गरीब पाणी घेऊन वाहतो’ असे सूत्र केले तर ते अन्याय्य ठरेल, कारण नदी ‘वाहतो’ असे म्हणता येत नाही. ‘वाहते’ केले तर वरच्या वाक्यातील मेळ तुटतो. येथे ‘गरीब’ या शब्दाचे रूप लिंगानुसार पालटत नाही, ही सोय उपयोगी पडते : ‘गरीब उलटली की ती वाहते. (२)’ आता दोन्ही वाचने व्याकरणशुद्ध झाली.

परंतु अडचण आहे म्हणून सामर्थ्य नाही, असे नव्हे. पुढील सूत्र इंग्रजीत संभवतच नाही : ‘शूराची मात्रा गेली आणि तो नवरा झाला. (२)’ ‘वीर’ या शब्दाची वेलांटी गेली की ‘वर’ उरतो. येथे ‘मात्रा’ या शब्दावरील श्लेषही हाताशी येतो. बाणाचे मात्राच्युतक असे आजच्या मराठीत सहज जिवंत होऊ शकते. ‘विकता विस्कटून कवीचे धन? (३)’ यातील ‘कविता’ वाचकाने स्वतः शोधावी. कर, बोल, चाल, मार, खेळ असे नाम आणि आज्ञार्थ या दोन्ही रूपांत वावरणारे शब्दही मराठीत कमी नाहीत. तेव्हा भाषेच्या अडचणीने मराठीत कूट शब्दकोडे आले नाही हे स्पष्टीकरण अपुरे आहे. अधिक खोल कारण आपल्या अर्थनिश्चितीच्या सवयींत शोधावे लागते.

५

कोल्हापूर परिसरात कूटाची जी जिवंत परंपरा आहे ती भेदिक शाहिरीची. कलगी आणि तुरा या दोन पक्षांत शक्ती श्रेष्ठ की शिव श्रेष्ठ हा वाद रंगतो. एक शाहीर सवाल टाकतो, दुसऱ्याने त्याचा भेद उकलावयाचा. ही परंपरा बुद्धिवैभवाची आहे यात शंका नाही. पण तिच्यातील सवालाची किल्ली सवालात नसते. ती पुराणकथेत, पिंडब्रह्मांडाच्या विचारात, संख्यासंकेतांत असते. सात म्हणजे धातू की समुद्र, पाच म्हणजे प्राण की भूते, हे परंपरा ठरविते. घरोघरी घातल्या जाणाऱ्या हुमाणांचेही तसेच : उत्तर ठाऊक असलेला घालतो, आणि ते ‘हेच’ का, याचा निर्णय घालणाऱ्याच्या हाती राहतो. बाहेरून आणावी लागणारी किल्ली समूहाला एकत्र बांधते, हे या प्रकारांचे सामाजिक मोल आहे. मात्र त्यात संहितेला स्वतःचा पुरावा द्यावा लागत नाही.

याहून वेगळा, आणि माझ्या मते अधिक उद्बोधक, असा प्रकार म्हणजे विसाव्या शतकाच्या मध्यास भारतात फोफावलेली बक्षिसी शब्दकोडी. त्यांत चकवा नसे; पेच असे. एखाद्या जागी एका अक्षराच्या फरकाने दोन शब्द बसत, दोन्ही दिलेल्या वाक्याशी सारखेच जुळत, आणि त्यांपैकी ‘बरोबर’ कोणता हे आधीच मोहोरबंद करून ठेवलेल्या उत्तरावरून ठरे. लोक शक्य तितक्या पर्यायांच्या प्रवेशिका प्रत्येकी शुल्क भरून पाठवीत. मुंबई राज्याने १९४८ च्या कायद्याने या स्पर्धांवर नियंत्रण व कर बसविला. १९५५ च्या केंद्रीय कायद्याने महिन्याला एक हजार रुपयांहून अधिक बक्षिसांच्या अशा स्पर्धांना बंदी केली. बंगलोरहून निघणाऱ्या एका पत्रातून कोडी चालविणाऱ्या चमारबागवाला यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ९ एप्रिल १९५७ रोजी निकाल दिला. ज्या स्पर्धेतील यश बऱ्याच अंशी कौशल्यावर अवलंबून नाही ती जुगाराच्या जातीची होय, आणि जुगाराला व्यापाराच्या घटनादत्त स्वातंत्र्याचे संरक्षण नाही, असे त्याचे सार.

विधिज्ञांना हा निकाल मूलभूत हक्कांसंबंधी महत्त्वाचा वाटतो. साहित्याच्या अभ्यासकाला त्यात अर्थनिश्चितीचा एक सिद्धांत दिसावा. दोन अर्थ सारखेच संभवनीय असतील, त्यांतून निवड करण्याचा आधार संहितेत नसेल, आणि तरीही एकच अर्थ अधिकृत म्हणून मानावा लागत असेल, तर ते वाचन नव्हे. ती सोडत होय.

६

आता कवितेकडे वळता येईल. अनेकार्थी संहितेच्या तीन अवस्था आपल्यासमोर आल्या आहेत. कूटात दोन अर्थांपैकी एक खोटा असतो, आणि त्याच्या खोटेपणाचा पुरावा संहितेत असतो. सोडतीत दोन्ही अर्थ सारखे असतात, आणि निर्णय पाकिटात असतो. काव्यात दोन्ही अर्थ खरे असतात, आणि निर्णय करावयाचाच नसतो.

आनंदवर्धनाने वाच्य आणि व्यंग्य यांचे नाते समजाविताना दिव्याचा दृष्टांत दिला आहे. दिव्यामुळे घट दिसतो, पण घट दिसला म्हणून दिव्याचा प्रकाश मावळत नाही. कूटात तो मावळतो. ‘सरकार’ हे उत्तर लिहिले की मोत्यांची माळ आणि मोटार निरुपयोगी होतात. मर्ढेकरांच्या ‘कांही कविता’ या १९४७ सालच्या संग्रहातील पिंपातल्या मेलेल्या उंदरांची कविता घ्यावी. ‘उंदीर म्हणजे यंत्रयुगातील माणूस’ असे उत्तर वर्गात सर्रास दिले जाते. उत्तर चुकीचे नाही. पण ते उत्तर आहे हेच चुकीचे आहे. ती कविता कूट असती तर या उत्तरानंतर उंदीर गळून पडले असते. प्रत्यक्षात त्यांचे मरण, त्यांची ओल, त्यांचे पिंपातले असणे वाचकाच्या मनातून जात नाही; माणूस दिसू लागल्यावर उंदीर अधिकच स्पष्ट होतात. विल्यम एम्प्सन यांचा अनेकार्थतेवरील ग्रंथ १९३० सालचा. ‘द टाइम्स’चे कोडेही त्याच वर्षीचे. एकाच वाचकवर्गाने एकाच काळी शब्दांच्या दुहेरीपणाचे दोन वेगळे व्यवहार शिकून घेतले : एकात दुहेरीपणा संपवावयाचा, दुसऱ्यात तो सांभाळावयाचा.

ही सीमारेषा सर्वत्र सारखी ठाम नसते हेही मान्य केले पाहिजे. रंकाळ्याचे सूत्र सुटल्यावरही बुजलेल्या तळ्यांची आठवण मागे रेंगाळते. तेथे कूट क्षणभर काव्याच्या शेजारी येऊन बसते. उलट, कवितेतही पूर्णपणे कूटासारखे असलेले स्थळ येऊ शकते. मोरोपंतांनी निरोष्ठ रामायणासारख्या रचनांतून घातलेले वर्णांचे निर्बंध नियम ओळखूनच वाचावे लागतात. तेथे ‘सोडविणे’ हाच योग्य शब्द होय. म्हणून आक्षेप सोडविण्याला नाही. कोणत्या संहितेपुढे कोणते वाचन उभे करावे याच्या अविवेकाला आहे.

आपल्या पदवी आणि पदव्युत्तर वर्गांत जे चालते ते बहुतेक वेळा कूटाचे वाचनही नसते. कूट सोडविणारा विद्यार्थी ‘हे कशावरून?’ असे विचारू शकला असता आणि संहितेतील शब्दाशब्दावर बोट ठेवून उत्तर देऊ शकला असता. परीक्षेसाठी तयार होणाऱ्या विद्यार्थ्याला अर्थ मार्गदर्शकातून मिळतो. प्रतिमा अमुक गोष्टीची द्योतक आहे हे तो जाणतो. का आहे, हे त्याला कोणी विचारीत नाही. दोन अन्वयार्थ सारखेच संभवनीय असले तरी गुण मात्र पाकिटातल्या अर्थाला मिळतात. म्हणजे आपण कवितेला कोडे म्हणतो, पण वाचावयास शिकवितो ती सोडत. ‘दुर्बोध’ हा शिक्का बहुधा या व्यवहारातूनच निर्माण होतो : ज्या कवितेचे पाकीट अद्याप कोणी बंद करून दिलेले नाही ती दुर्बोध, आणि ज्या कवितेचे दिले आहे ती सुबोध.

यावर उपाय म्हणून कूट शब्दकोड्याचा अभ्यासक्रमात समावेश करावा असे मी सुचवीत नाही. मात्र त्याची शिस्त उसनी घेण्यास हरकत नसावी. विद्यार्थ्याने कोणताही अर्थ मांडला की त्याला दोन प्रश्न विचारावेत. पहिला कूटाचा : या अर्थाचा पुरावा संहितेतील कोणत्या शब्दांत आहे? दुसरा काव्याचा : हा अर्थ हाती आल्यावर संहितेतील कोणते शब्द निरुपयोगी झाले? पहिल्या प्रश्नाला उत्तर नसेल तर तो अर्थ बाहेरून आणलेला आहे. दुसऱ्या प्रश्नाला उत्तर असेल, तर कविता अद्याप वाचावयाची राहिली आहे.